दहाब : सोन्याच्या नावाचे गाव

अरबी भाषेत 'दहाब' म्हणजे सोने. इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाच्या आग्नेय किनाऱ्यावर, अकाबाच्या आखाताच्या काठी या नावाचे एक लहानसे गाव वसले आहे. डोंगरांतून वाहून आलेल्या सोनेरी वाळूवरून हे नाव पडले असावे, असे सांगितले जाते. गावाची खरी दौलत मात्र दोनच गोष्टींची आहे : उत्तरेकडून वाहणारा भरवशाचा वारा आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एकदम खोल होणारा समुद्र. या दोन्ही गोष्टी कोठारात भरून ठेवता येत नाहीत, तारण म्हणून लिहून देता येत नाहीत आणि त्यांच्यावर कोणाची मालकीही सांगता येत नाही. तरीही त्यांच्या जोरावर एक गाव उभे राहिले आणि टिकले. ते कसे टिकले, आणि तेथे जाणाऱ्याने कोणती गोष्ट गाठीशी बांधून जावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

व्यापारी कुटुंबाचा प्रवास बहुधा दुकानाच्या सुट्टीला बांधलेला असतो. दिवाळीनंतरचे आठ दिवस किंवा मे महिन्यातील दहा दिवस. तेवढ्यात चार शहरे, दहा प्रेक्षणीय स्थळे आणि शेवटच्या दिवशी खरेदी. दहाबचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. दक्षिणेस ऐंशी-नव्वद किलोमीटरवर असलेल्या शर्म-अल-शेखसारखी प्रचंड हॉटेले येथे अभावानेच दिसतात. बुटक्या इमारती, समुद्राला लागून जाणारी पायवाट, तिच्या कडेला जमिनीवरच गाद्या-तक्के मांडलेली उपाहारगृहे, सायकली आणि जागोजागी निवांत पहुडलेली मांजरे, असे गावाचे रूप आहे. पाहण्याची ठिकाणे मोजकी आणि बसण्याची पुष्कळ. समोर पाण्यापलीकडे सौदी अरेबियाचे डोंगर दिसतात आणि सूर्य मावळू लागला की ते गुलाबी होतात. ज्याला काही न करता तासभर बसता येते, त्याला हे गाव मानवते.

गावाची घडण समजण्यासाठी आधी नकाशा पाहावा. तांबडा समुद्र उत्तरेस दोन शिंगांत विभागतो. पश्चिमेचे शिंग सुवेझचे आखात, तर पूर्वेचे अकाबाचे. सुवेझचे आखात उथळ आहे. अकाबाचे आखात पृथ्वीच्या कवचातील एका मोठ्या भेगेवर वसलेले असल्यामुळे अरुंद आणि अतिशय खोल आहे. लांबी सुमारे १६० किलोमीटर, जास्तीत जास्त रुंदी सुमारे २४ किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी पाणी सुमारे १,८५० मीटर. दोन्ही तीरांवर उघडे-बोडके डोंगर उभे आहेत. दोन उंच इमारतींमधल्या बोळात जसा वारा जोराने घुसतो, तसा उत्तरेकडून येणारा वारा या दोन डोंगररांगांमध्ये दाबला जाऊन वेग घेतो. पाऊस जवळजवळ नसल्यामुळे नद्या नाहीत. नद्या नसल्यामुळे गाळ नाही. गाळ नसल्यामुळे पाणी काचेसारखे स्वच्छ राहते. वारा, खोली आणि स्वच्छ पाणी ही दहाबची तिन्ही भांडवले अशी एकाच भूगोलातून आलेली आहेत.

या किनाऱ्याला व्यापार नवा नाही. येथे नबातियन काळातील बंदराच्या इमारतीचे अवशेष आढळले आहेत. आजच्या जॉर्डनमधील पेट्रा ही ज्यांची राजधानी होती, तेच हे उंटांच्या काफिल्यांतून धूप आणि मसाल्यांचा व्यापार करणारे लोक. पुढील काळात हा किनारा मुझैना या बेदुइन जमातीचा राहिला. खजुराची झाडे, मासेमारी आणि उंट यांवर त्यांचे जीवन चाले. १९६७ च्या युद्धात सिनाई इस्रायलच्या ताब्यात गेला. १९७९ च्या शांतता करारानुसार तो टप्प्याटप्प्याने इजिप्तला परत मिळाला आणि २५ एप्रिल १९८२ रोजी हे हस्तांतर पूर्ण झाले. मधल्या काळात पाठीवर पिशवी टाकून फिरणारे तरुण येथे येऊ लागले होते. बेदुइनांच्या झोपड्यांत राहावे, वाळूवर झोपावे, चहा प्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा असे. त्यांच्यातील कोणी पाण्यात डोके घालून पाहिले, कोणी वाऱ्यावर शीड धरले आणि हळूहळू गावाचा व्यवसाय ठरत गेला.

आधी वाऱ्याचा व्यवहार पाहू. गावाच्या दक्षिणेस समुद्रात घुसलेल्या वाळूच्या लांब जिभेमुळे एक निवाऱ्याची जागा तयार झाली आहे. तिला 'लगून' म्हणतात. वाळूची ही जीभ लाटा अडवते, पण वारा अडवत नाही. त्यामुळे पाणी सपाट आणि वारा भरपूर, असा दुर्मीळ योग येथे जुळतो. विंडसर्फिंगमध्ये फळीवर उभे राहून हातांनी शीड सांभाळायचे असते. काइट-सर्फिंगमध्ये कमरेला बांधलेला मोठा पतंग माणसाला पाण्यावरून ओढून नेतो. दोन्ही खेळांत नवशिक्याचा पहिला दिवस पडण्यात आणि पुन्हा चढण्यात जातो. म्हणून उथळ, सपाट पाण्याचे मोल मोठे.

विंडसर्फिंग करणाऱ्यांनी या परिसराचे आपापल्या कुवतीनुसार भाग पाडले आहेत. नवशिक्यांसाठी आतील उथळ खाडी. थोडे शिकलेल्यांसाठी वेग घेता येईल असे सपाट पाणी, ज्याला 'स्पीडी' म्हणतात. आणि वाळूच्या आडोशापलीकडे लाटांचा खुला समुद्र, ज्याला 'कामिकाझे' हे भयसूचक नाव मिळाले आहे. एकाच वाऱ्यात, एकाच दिवशी, एकमेकांपासून अल्प अंतरावर या तिन्ही जागा असतात. कोणी कोठे जावे हे वारा ठरवत नाही. शिकवणारा आणि शिकणारा मिळून ठरवतात. चांगल्या प्रशिक्षण केंद्राची खूण त्याच्या नव्या कोऱ्या फळ्यांत शोधू नये. किनाऱ्यावर मदतीची मोटरबोट तयार आहे का, आणि वारा वाढल्यावर नवशिक्याला पाण्यातून बाहेर बोलावले जाते का, हे पाहावे. ग्राहकाने भाड्याचे पैसे दिलेले असतानाही त्याला 'आज नको' असे सांगणारा दुकानदार हाच या धंद्यातला विश्वासार्ह दुकानदार होय.

दुसरा व्यवहार पाण्याखालचा. स्कूबा डायव्हिंगसाठी अनेक ठिकाणी बोटीने दूर जावे लागते. बोटीचे भाडे, इंधन, खलाशी यांचा खर्च ग्राहकावर पडतो. दहाबमध्ये बहुतेक ठिकाणी किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात उतरता येते, कारण प्रवाळाची भिंत काही पावलांवरच सुरू होते. सामान जीपमध्ये किंवा हातगाडीवर टाकायचे, काठावर उपकरणे चढवायची आणि आत जायचे. त्यामुळे शिकण्याचा खर्च तुलनेने कमी राहतो आणि जगभरचे विद्यार्थी येथे येतात. गावातच 'लाइटहाउस' नावाची सोयीची जागा आहे. थोडे उत्तरेस 'ईल गार्डन' आहे; तेथे वाळूतून निम्मे अंग बाहेर काढून शेकडो बारीक ईल गवतासारखे डोलत असतात आणि माणूस जवळ गेला की बिळात नाहीसे होतात. त्यापुढे 'कॅनियन' ही समुद्रतळातील भेग आणि गावापासून सुमारे आठ-दहा किलोमीटरवर जगप्रसिद्ध 'ब्लू होल'.

ब्लू होल म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेला, किनाऱ्याला चिकटलेला गोल खड्डा. वरून पाहिले तर भोवती फिकट हिरवे पाणी आणि मध्ये गडद निळे वर्तुळ. त्याची खोली शंभर मीटरच्या आसपास आहे. या खड्ड्यातून बाहेरच्या समुद्रात जाण्यास दोन वाटा आहेत. एक अगदी वर, सहा-सात मीटर खोलीवर. तिला 'सॅडल' म्हणजे खोगीर म्हणतात. दुसरी खाली, पन्नास मीटरहून अधिक खोलीवर. ती 'आर्च' म्हणजे दगडी कमान. कमानीखालून सुमारे पंचवीस-तीस मीटर लांबीचा बोगदा बाहेरच्या समुद्रात उघडतो. वरच्या वाटेने शिकाऊ माणूसही हसतखेळत जातो. खालच्या वाटेने अनेकांचे प्राण घेतले आहेत. काठावरच्या खडकावर मृतांच्या नावांच्या पाट्या बसवलेल्या आहेत. बहुतेक नावे तरुणांची, वेगवेगळ्या देशांतील. शेजारी चहाची उपाहारगृहे, उंट, हसणारे पर्यटक आणि मध्ये या पाट्या, असे ते दृश्य आहे.

ही कमान धोकादायक का, याचे उत्तर गणितात आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर शरीरावर एका वातावरणाचा दाब असतो आणि प्रत्येक दहा मीटरला आणखी एकाची भर पडते. पन्नास मीटरवर दाब सहापट होतो. तेथे प्रत्येक श्वासाला टाकीतील सहापट हवा लागते. पृष्ठभागावर साठ मिनिटे पुरणारी टाकी तेथे दहा मिनिटांतच संपते, आणि त्यात परतीचा हिशेब अजून धरलेला नाही. शिवाय साधारण तीस मीटरनंतर हवेतील नायट्रोजन मेंदूवर परिणाम करू लागतो. माणसाला मद्य घेतल्यासारखी धुंदी येते. निर्णय चुकतात, पण ते बरोबरच आहेत असे वाटते. पाणी इतके स्वच्छ आणि पलीकडचा निळा प्रकाश इतका जवळचा भासतो की बोगदा आहे त्यापेक्षा आखूड वाटतो. पायाखाली आधाराला तळ नसतो, त्यामुळे आपण आणखी खाली घसरत आहोत हे लक्षात येत नाही. हवा कमी, भान कमी आणि अंतर अधिक, अशा तीन तुटी एकाच वेळी पडतात.

यातून घाबरून वेगाने वर येणेही तितकेच घातक. दाबाखाली घेतलेला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेला असतो. व्यापारी वाचकाला हे कर्जाच्या भाषेत लगेच कळेल. खोलीवर घालवलेले प्रत्येक मिनिट म्हणजे उचललेली रक्कम. सावकाश, ठरल्या जागी थांबत वर आले की हे कर्ज श्वासावाटे हप्त्याहप्त्याने फिटते. एकदम वर येणे म्हणजे सर्व रक्कम एकाच दिवशी परत मागितली जाणे. सोड्याची बाटली झटक्यात उघडावी तसे वायूचे बुडबुडे शरीरात सुटतात. सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकते. अशा रुग्णाला उच्चदाब कक्षात ठेवून उपचार करावे लागतात. शर्म-अल-शेख येथे असा कक्ष आहे.

म्हणूनच प्रशिक्षणात मर्यादा आकड्यांत सांगितल्या जातात. प्राथमिक प्रमाणपत्र असणाऱ्याने १८ मीटर, पुढील प्रशिक्षण घेतलेल्याने ३० मीटर, आणि हौशी स्कूबा डायव्हिंगची शेवटची सीमा ४० मीटर. कमान या शेवटच्या सीमेच्याही खाली आहे. तिच्यासाठी वेगळे वायुमिश्रण, जादा टाक्या आणि दीर्घ तांत्रिक प्रशिक्षण लागते. पाट्यांवरील सर्वांनाच हे ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. पुष्कळांना आकडा ठाऊक होता. तो आपल्याला लागू नाही, असे त्या क्षणी वाटले, एवढेच.

तयारी पूर्ण असतानाही समुद्र किती कठोर असू शकतो, याचे उदाहरणही याच जागेचे आहे. टाकीशिवाय, एका श्वासावर खोल जाण्याचा 'फ्रीडायव्हिंग' हा प्रकार दहाबमध्ये फार मोठ्या प्रमाणात शिकवला जातो. आयर्लंडचे स्टीफन कीनन हे त्यातील नामांकित सुरक्षारक्षक होते आणि दहाबमध्येच त्यांनी आपली प्रशिक्षणसंस्था उभारली होती. २२ जुलै २०१७ रोजी इटलीच्या विक्रमवीर अलेसिया झेक्किनी यांनी एका श्वासात ब्लू होलची कमान पार करण्याचा प्रयत्न केला. पलीकडच्या बाजूस कीनन त्यांना गाठणार होते. बाहेर पडल्यावर वर नेणारा दोर झेक्किनी यांना सापडला नाही आणि त्या भलत्याच दिशेने जाऊ लागल्या. कीनन यांनी त्यांना गाठून पृष्ठभागापर्यंत आणले. झेक्किनी वाचल्या, कीनन यांची शुद्ध हरपली आणि ते वाचू शकले नाहीत. पुढे २०२३ मध्ये या घटनेवर 'द डीपेस्ट ब्रेथ' हा माहितीपट आला. जोखीम घेणारा स्वतःची जोखीम घेतो असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अपुरे आहे. त्याच्यामागे धावणारा कोणीतरी असतो, आणि पुष्कळदा किंमत त्यालाही मोजावी लागते. घरातील कर्त्या माणसाने उधारीवर घेतलेल्या धोक्याला जामीन राहणाऱ्या भावाची आठवण येथे सहज व्हावी.

गावाची स्वतःची जोखीम याहून वेगळी आहे. २४ एप्रिल २००६ च्या संध्याकाळी, सणाच्या सुट्टीच्या गर्दीत, गावाच्या बाजारपेठेत आणि समुद्राकाठच्या रस्त्यावर तीन बॉम्बस्फोट झाले. वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत बहुसंख्य इजिप्शियन होते. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी शर्म-अल-शेखहून निघालेले रशियन प्रवासी विमान सिनाईवर कोसळून २२४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर ब्रिटनहून शर्मला होणारी विमानसेवा २०१९ पर्यंत आणि रशियाची २०२१ पर्यंत बंद राहिली. त्यातच २०२० ची महासाथ आली. २०२३ च्या ऑक्टोबरपासून शेजारच्या गाझामधील युद्धाची छाया पडली. गावात काहीही घडलेले नसताना दूरच्या घटनेने गल्ला रिकामा व्हावा, हे पर्यटनाच्या धंद्याचे दुखणे आहे.

त्यातच चलनाचा प्रश्न. २०१६ च्या नोव्हेंबरात इजिप्तने पौंडाचा दर मोकळा सोडला, तेव्हा एका डॉलरला नऊच्या आत असलेला पौंड काही आठवड्यांत अठराच्या घरात गेला. मार्च २०२४ मध्ये पुन्हा दर सोडल्यावर तो एकतीसवरून पन्नासच्या आसपास आला. परदेशी पाहुण्याला गाव स्वस्त झाले. पण टाक्या, शिडे, पोशाख, मोटरबोटीचे सुटे भाग हे सारे आयात होणारे. डॉलरमध्ये शिकवणी घेणाऱ्या केंद्राने तग धरली; पौंडात पगार घेणाऱ्या स्वयंपाक्याच्या घरात डाळ महागली. निर्यात करणारा आणि देशी बाजारात विकणारा यांच्यात जो फरक पडतो, तोच येथे एका गल्लीच्या दोन टोकांना दिसतो.

मुझैना बेदुइनांचे स्थान या व्यवहारात विचार करायला लावणारे आहे. जमीन मूळची त्यांच्या वहिवाटीची. आज किनाऱ्यावरील बरीचशी हॉटेले आणि केंद्रे नाईल खोऱ्यातून आलेल्या इजिप्शियनांची किंवा परदेशी लोकांची आहेत. बेदुइनांकडे जीप, उंट, वाळवंटातील वाटाड्याचे काम आणि काही उपाहारगृहे आली. त्यांच्या लहान मुली समुद्राकाठी रंगीत दोऱ्यांच्या विणलेल्या पट्ट्या विकत फिरतात. भांडवल बाहेरून आले की गावकऱ्याच्या वाट्याला मालकीऐवजी मजुरी येते, हे चित्र कोकणच्या किनाऱ्यालाही अनोळखी नाही. पाहुण्याने निदान एवढे करावे की, वाळवंटाची सफर किंवा ब्लू होलच्या उत्तरेकडील रास अबू गलूमपर्यंतचा उंटावरचा प्रवास स्थानिक बेदुइनाकडूनच घ्यावा आणि ठरलेल्या दरात अवास्तव घासाघीस करू नये.

रास अबू गलूम आणि दक्षिणेचे नब्क हे दोन्ही प्रदेश १९९२ पासून संरक्षित आहेत. येथील प्रवाळाला आज सगळ्या जगाच्या दृष्टीने महत्त्व आले आहे. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ आपल्या शरीरातील सूक्ष्म शैवाल गमावतो, पांढरा पडतो आणि पुष्कळदा मरतो. अकाबाच्या आखातातील प्रवाळ मात्र इतर ठिकाणांपेक्षा अधिक उष्णता सोसतो, असे इस्रायलमधील माओझ फाइन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. त्याचे कारण मोठे मार्मिक आहे. शेवटच्या हिमयुगानंतर प्रवाळाच्या अळ्या तांबड्या समुद्राच्या तप्त दक्षिण दारातून उत्तरेकडे पसरल्या. तो ताप ज्यांना सोसला, त्यांचीच संतती थंड उत्तरेपर्यंत पोहोचली. कठीण काळाची ही पुंजी आज उपयोगी पडत आहे. पण उष्णता सोसणारा प्रवाळ पायाची लाथ सोसत नाही. अनेक दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. एका बेसावध पावलाने मोडलेला तुकडा भरून येण्यास एक पिढी जाते. प्रवाळावर उभे राहू नये, हात लावू नये, शिंपला उचलून आणू नये, माशांना पाव टाकू नये, हे नियम तेथे लिहिलेले असतात. ते पाळणे वाचकांना शिकवावे लागणार नाही.

जेवणाची चिंता घरातील वडीलधाऱ्यांना प्रथम वाटते. इजिप्तचे रोजचे साधे जेवण बरेचसे कडधान्यांचे आहे. 'फूल' म्हणजे शिजवून घोटलेला बाकला, 'तामिया' म्हणजे त्याच बाकल्याचे तळलेले वडे, 'ताहिनी' म्हणजे तिळाचे वाटण, आणि 'कोशरी' म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, काबुली चणे यांवर टोमॅटोचा आंबट रस. कोशरीवर तळलेला कांदा असतो आणि रसात लसूण असतो. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी तो पदार्थ टाळावा. एक शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे : 'सियामी'. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक वर्षातील दोनशेहून अधिक दिवस उपवास पाळतात आणि त्या काळात मांस, अंडी, दूध घेत नाहीत. अशा अन्नाला 'सियामी' म्हणतात. काही उपवासांत मासे चालतात, म्हणून तेवढे वेगळे विचारून घ्यावे. स्वयंपाकघर असलेली खोली भाड्याने घेणे सर्वांत उत्तम. भाजी, फळे, खजूर, डाळी आणि गरम भाकरीसारखा 'ऐश बलदी' गावात मिळतो. खाकरा आणि मसाल्याची डबी घरून न्यावी.

मुंबईहून कैरोपर्यंत विमान, तेथून शर्म-अल-शेखपर्यंत दुसरे विमान आणि पुढे साधारण तासा-सव्वा तासाचा रस्ता, असा हा प्रवास आहे. कैरोहून सुवेझ कालव्याखालच्या बोगद्यातून बसही येते, पण तिला आठ-नऊ तास लागतात आणि वाटेत तपासणीच्या चौक्या असतात. पासपोर्ट हाताशी ठेवावा. व्हिसाची व्यवस्था भारतातूनच करून निघावे आणि त्या वेळच्या सरकारी सूचना पाहाव्यात. उन्हाळा कडक असतो, वारा जोरात आणि पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे. हिवाळ्यात दिवस सुखद, पाणी एकवीस-बावीस अंशांचे, रात्री गार. नवरात्रीपासून दिवाळीनंतरपर्यंतचा काळ कुटुंबासाठी चांगला.

दोन गोष्टी मात्र ठरवतानाच कागदावर लिहाव्यात. पहिली, विमा. प्रवासविम्याच्या पुष्कळ पॉलिसींत डायव्हिंग आणि वाऱ्यावरचे खेळ वगळलेले असतात, किंवा ठरावीक खोलीपर्यंतच धरलेले असतात. बारीक अक्षरातील कलमे घरीच वाचावीत. दुसरी, दिवसांचा क्रम. दहाबहून सेंट कॅथरिनचा सहाव्या शतकातील मठ आणि २,२८५ मीटर उंचीचा जेबेल मुसा हा पर्वत पाहण्यास बहुतेक जण जातात. रात्री चढून पहाटेचा सूर्योदय पाहण्याचा प्रघात आहे. सकाळी समुद्रात खोल जाऊन त्याच रात्री पर्वतावर चढणे म्हणजे न फिटलेले नायट्रोजनचे कर्ज घेऊन विरळ हवेत जाणे होय. विमानालाही तोच नियम. डायव्हिंगनंतर उंचीवर किंवा विमानात जाण्यापूर्वी पूर्ण एक दिवस मध्ये ठेवावा. म्हणून पर्वत आधी, समुद्र नंतर, आणि शेवटचा दिवस किनाऱ्यावर.

तारकर्ली, अंदमान येथे शिक्षकाचा हात धरून एकदा पाण्याखाली जाऊन आलेले तरुण 'डायव्हिंग येते' असे समजतात. तो केवळ परिचय असतो. दहाबमध्ये शिकायचे असेल तर तीन-चार दिवसांचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे, वैद्यकीय प्रश्नावली खरी भरावी आणि दमा, हृदयविकार, कानाचा त्रास लपवू नये. मुलगा किंवा मुलगी हट्ट धरून बसली तर सरसकट 'नाही' म्हणणे हा उपाय नव्हे. आकडा ठरवून 'हो' म्हणणे हा आहे. किती खोल, किती वेळ, कोणाबरोबर आणि टाकीत किती हवा उरली की मागे फिरायचे, या चार प्रश्नांची उत्तरे पाण्यात उतरण्यापूर्वी जो देऊ शकतो, त्याला जाऊ द्यावे.

आणि जे पाण्याखाली जाऊ इच्छित नाहीत, त्यांचे काही मोठे नुकसान होत नाही. प्रवाळाच्या शरीरातील शैवालाला जगण्यासाठी सूर्यप्रकाश लागतो. म्हणून प्रवाळाची दाट वस्ती आणि माशांची गर्दी वरच्या उजेडाच्या पाण्यातच असते. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळते. काही मीटर खाली गेले की तांबडे मासेही राखाडी दिसू लागतात. पन्नास मीटरवरच्या कमानीखाली अंधुक निळाईशिवाय फारसे रंग नाहीत. ब्लू होलच्या काठावर कोणी आजी चश्म्यासारखा मुखवटा लावून, फुगवलेला अंगरखा घालून पाण्यावर पालथी तरंगली, तर खोगिराच्या त्या सहा-सात मीटरांत तिला केशरी, जांभळे, पिवळे मासे हजारोंनी दिसतात. सोन्याच्या नावाच्या या गावात सोने पृष्ठभागालगतच आहे. ते पाहून परत येणाऱ्यांची संख्या पाट्यांवरील नावांपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि गाव चालते ते त्यांच्याच जिवावर.